कॉर्ड बरोबर दाबूनही गाण्याखाली खटकते, तर काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट बसून सगळं लिहूनच काढतो. कीबोर्ड किंवा पेटी वाजवणारा असतो, बेसिक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे तीन-तीन सूर, शिकलेला असतो, सी मेजर, एफ मेजर, जी मेजर, ए मायनर हे शेप हातात पक्के बसलेले असतात, साधी फिल्मी गाणी लावली की सगळं छान जमतं, आणि मग एखाद्या कार्यक्रमात कुणी यमनमधलं भावगीत धरलं किंवा शेवटी भैरवी सुरू झाली की त्याच कॉर्ड एकदम टोचायला लागतात. गाणारा मान वळवून बघतो. वाजवणारा घाबरून कॉर्ड सोडतो, नुसते सूर धरून बसतो, आणि घरी जाताना ठरवून टाकतो की आपल्या संगीताला कॉर्ड चालतच नाहीत.

मला हे अजिबात मान्य नाही. चालतात, फक्त त्या त्या गाण्याच्या सुरांमधून काढायला लागतात. शेप पाठ करणं ही कॉर्ड शिकण्याची सगळ्यात तोकडी पद्धत आहे, कारण शेपला माहीतच नसतं की गाण्यात म शुद्ध आहे की तीव्र. खाली ज्या क्रमाने मी तपासायला सांगतो त्याच क्रमाने लिहितोय, वरच्या गोष्टी आधी बघा कारण त्या पटकन सुटतात.

पहिलं म्हणजे मोजणी. मेजर कॉर्ड म्हणजे मूळ सूर, त्याच्या वर ४ सेमीटोन, आणि तिथून अजून ३. मायनर म्हणजे उलटं, आधी ३ मग ४. डिमिनिश्ड म्हणजे ३ आणि ३, ऑगमेंटेड म्हणजे ४ आणि ४. सेमीटोन म्हणजे लगतची पट्टी, काळी असो की पांढरी. आता घोळ कुठे होतो तर सुरुवातीच्या पट्टीलाच 'एक' म्हणून मोजायला लागतात. पांढरी एक, म्हणजे सी (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांना सी पासून वेगवेगळे नंबर देतात), हा सा धरला आणि त्यालाच एक म्हटलं तर चार म्हणेपर्यंत बोट कोमल ग वर येतं, शुद्ध ग वर नाही. म्हणजे मेजर म्हणून काढायला गेलात आणि हातात मायनरचा ग आला. सेमीटोन म्हणजे उडी, आणि उडी मोजताना जिथे उभे आहात ती जागा शून्य असते.

आणि हा घोळ होण्याला खरं कारण आहे, शिकणाऱ्याचा दोष नाही तो. कॉर्डमधल्या सुरांना आपण 'तिसरा' आणि 'पाचवा' म्हणतो आणि ती मोजणी मात्र सा ला एक धरूनच असते, सा पहिला, ग तिसरा, प पाचवा. म्हणजे एकाच कॉर्डसाठी दोन मोजण्या चालू असतात, सप्तकातल्या जागा मोजायच्या तर सा धरून, सेमीटोन मोजायचे तर सा सोडून. शिकवताना या दोन्ही एकाच दमात सांगतात आणि कुणी थांबून फरक सांगत नाही. हे एकदा डोक्यात वेगवेगळं बसलं की अर्धी भीती जाते.

दुसरी तपासणी सा कुठे आहे याची. पांढरी एक मध्ये सगळे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात म्हणून 'एक पांढरी सोडून पुढची पांढरी' असा शॉर्टकट लोकांच्या बोटात बसतो. गाणारा काळी एक म्हणाला की शॉर्टकट संपला. काळी एक वर मेजर हवी असेल तर तिथून ४ मोजा, पांढरी चार येते, तिथून ३ मोजा, काळी चार येते. काळी, पांढरी, काळी. काळी दोन वर मोजलंत तर काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. काळी चार वर काळी चार, पांढरी एक, काळी दोन. पुरुषांचे आणि बायकांचे नेहमी लागणारे सा घ्या, दोन-तीनच असतात आपल्या ग्रुपमध्ये, आणि त्यावर हे स्वतः मोजून काढा, कुणाचा तयार चार्ट बघू नका. मोजून काढलेली कॉर्ड विसरली तरी परत मोजता येते, चार्ट विसरला की संपलं.

यातच एक छोटी गोष्ट. गिटारवाल्याकडच्या कागदावर सी शार्प मेजरमध्ये 'ई शार्प' लिहिलेलं दिसतं आणि लोक म्हणतात छपाईत चूक आहे, कारण ई शार्प म्हणजे एफचीच पट्टी. चूक नाही ती. तिसरा सूर म्हटलं की अक्षरही तिसरंच पाहिजे, सी, डी, ई, म्हणून ई च्या नावानेच लिहायचं. वाजवताना पांढरी चार दाबा आणि पुढे चला.

आता ट्रान्सपोज. कीबोर्डवर ट्रान्सपोज एकने वाढवून ठेवलेला असतो, तुम्ही दाबता सी, आवाज येतो काळी एकचा, शेजारी गिटारवाला विचारतो कुठली कॉर्ड, तुम्ही म्हणता सी, तो सी वाजवतो आणि दोघं एका सेमीटोनने वेगळे. स्केल चेंजर पेटीतही तेच, पट्ट्यांची फळी सरकवली की दिसणारी पट्टी आणि ऐकू येणारा सूर यांचा संबंध तुटतो. उपाय सोपा, दुसऱ्याला सांगताना नेहमी ऐकू येणारा सूर सांगा. 'आवाज काळी एक आहे, तू पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचा शेप धर' एवढं बोललात की झालं (कॅपो म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा एका जागी दाबून धरणारा चिमटा). आणि कीबोर्डच्या ऑटो कॉर्डमध्ये एका बोटाची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा, कारण एकच पट्टी दाबली की तो मेजरच देतो, गाण्याला मायनर हवी असली तरी.

हे सगळं बरोबर असूनही खटकतंय? मग खरा मुद्दा आला, आणि इथे जरा वेळ घालवायचाय मला.

कॉर्ड सप्तकातून काढायची रीत अशी की गाण्याचे सात सूर ओळीने मांडायचे आणि प्रत्येक सुरावर एक सोडून एक असे तीन सूर घ्यायचे. बिलावलचे सगळे शुद्ध सूर घेतले तर सा ग प मेजर येते, रे म ध मायनर, ग प नी मायनर, म ध सा मेजर, प नी रे मेजर, ध सा ग मायनर, आणि नी रे म डिमिनिश्ड. हे कुणी ठरवून दिलेलं नाही, तुम्ही सेमीटोन मोजलेत तर आपोआप हेच येतं, कारण शुद्ध सप्तकात ग-म आणि नी-सा या दोनच जागा अर्ध्या अंतराच्या आहेत आणि त्या ज्या ठिकाणी पडतात त्यावर ३ आधी की ४ आधी हे ठरतं. सा, म आणि प या तिन्हीवर मेजर येते म्हणून सी-एफ-जी ही तिकडी सगळ्या जगात पाठ असते. आणि इथेच आपली फसगत सुरू होते, कारण ती तिकडी बिलावलची आहे, यमनची नाही, भैरवीची तर नाहीच नाही.

भातखंड्यांनी दहा थाट, म्हणजे सात सुरांचे दहा साचे, मांडले ते रागांची विभागणी करायला, पण कॉर्ड काढणाऱ्यालाही ते फार उपयोगी आहेत. थाट बदलला की अर्ध्या अंतराच्या जागा हलतात, आणि त्या हलल्या की त्याच जागेवरच्या कॉर्डची जात बदलते. एवढंच आहे. पण हे प्रत्येक थाटाला मोजून बघितल्याशिवाय अंगात येत नाही.

यमन घ्या. म तीव्र झाला. आता शुद्ध म वरची मेजर, म्हणजे पांढरी एकमध्ये एफ मेजर, ही कॉर्ड या सप्तकात उरतच नाही. गाणारा तीव्र म घेतोय आणि तुम्ही खाली शुद्ध म दाबून धरलाय, एका सेमीटोनची टक्कर, खटकणारच. तीव्र म वर कॉर्ड काढली तर म ध सा डिमिनिश्ड येते, ती सगळीकडे वापरण्यासारखी नाही. पण बघा बदल्यात काय मिळालं, रे वर आता मेजर येते, रे, तीव्र म, ध. बिलावलमध्ये ती मायनर होती. आणि नी वर मायनर येते, नी, रे, तीव्र म. यमनमधलं गाणं नी-रे-ग असं चढतं तेव्हा या दोन कॉर्ड इतक्या सुंदर लागतात की एफ मेजरची आठवणही येत नाही. मला विचाराल तर यमनमध्ये सा आणि रे या दोन मेजर आलटून पालटून हळू वाजवून बघा, अख्खा राग उघडल्यासारखा वाटतो. यमनकल्याणात दोन गांधारांच्या मधे जो शुद्ध म हलकेच येऊन जातो त्याच्यासाठी कॉर्ड बदलू नका, तो जाता जाता लागणारा सूर आहे, त्याला तसाच जाऊ द्या.

काफीत ग आणि नी कोमल. सा वर मायनर, रे वर मायनर, प वर मायनर, आणि कोमल ग, म, कोमल नी या तिघांवर मेजर, ध वर डिमिनिश्ड. इथे लोक सा मायनर बरोबर धरतात पण म वर सवयीने मायनर दाबतात, 'मायनर गाणं आहे ना' म्हणून. काफीत ध शुद्ध आहे, म ध सा मेजरच आहे. ध कोमल झाला तर तो आसावरीचा मामला, तिथे म वर मायनर. म्हणजे गाणं 'मायनर' आहे एवढं ओळखून भागत नाही, ध कुठला आहे हे कानाने पकडावंच लागतं.

आता भैरवी, सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच, आणि कार्यक्रमाचा शेवट हिच्यावर होतो म्हणून जास्त जिव्हारी लागतं. रे ग ध नी चारही कोमल. सा वर मायनर, कोमल रे वर मेजर, कोमल ग वर मेजर, म वर मायनर, कोमल ध वर मेजर, कोमल नी वर मायनर. आणि प? प, कोमल नी, कोमल रे, ३ आणि ३, डिमिनिश्ड. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेला माणूस ओळ संपवताना ज्या प मेजरवर डोळे मिटून विसंबतो ती भैरवीत नाहीच. तो प मेजर दाबतो, त्यात शुद्ध नी आणि शुद्ध रे, आणि गाणारा कोमल रे वरून सा वर उतरत असतो. दोन्ही सूर एका वेळी चुकीचे. यावर उपाय म्हणजे शेवटाला कोमल नी मायनरवरून सा मायनरवर या, किंवा कोमल रे मेजरवरून सा मायनरवर. दुसरी तर खास भैरवीचीच वाट आहे, गाणाऱ्याच्या कोमल रे ला खालून आधार मिळतो आणि मग तो निवांत सा वर उतरतो. हां, ठुमरी अंगाची भैरवी असेल तर गाणारे बारा सूर लावतात, शुद्ध रे, शुद्ध ग, शुद्ध नी सगळं येऊन जातं, अशा वेळी त्याने शुद्ध नी वर मुक्काम केला तर प मेजर जरूर द्या. पण आधी त्याने घेतला पाहिजे, तुम्ही सुचवायचा नाही.

भैरव जरा वेगळा आहे, तिथे एक सोडून एकची रीतच कुठे कुठे फसते. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, शुद्ध नी. सा वर मेजर, कोमल रे वर मेजर, ग वर मायनर, म वर मायनर, इथपर्यंत ठीक. प, नी, कोमल रे मोजा, ४ आणि २. ही मेजरही नाही मायनरही नाही, चौघांच्या यादीत कुठेच बसत नाही. नी वर २ आणि ४. कोमल ध वर ऑगमेंटेड. म्हणून भैरवमध्ये सा मेजर, कोमल रे मेजर आणि म मायनर या तिघांवरच राहा. सा आणि कोमल रे या दोन मेजर शेजारी शेजारी येणं इतर थाटांत क्वचित मिळतं, त्याचा फायदा घ्या.

पाच सुरांच्या रागांत तर सूर मोजतानाच अडखळायला होतं. भूपमध्ये सा रे ग प ध, एक सोडून एक घेतलं तर सा ग ध येतात, म्हणजे सा ची कॉर्ड काढायला गेलात आणि ध ची मायनर उलटी होऊन हातात आली. इथे जागा मोजू नका, ३ आणि ४ सेमीटोनच्या जोड्या शोधा. भूपच्या पाच सुरांत पूर्ण मेजर-मायनर दोनच मिळतात, सा ग प आणि ध सा ग. पुरतात त्या. मालकंसात अजून कडक आहे, सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, आणि प वर्ज्य. म्हणजे सा वर कॉर्डच होत नाही, कारण सा मायनरला प लागतो! मालकंसाला तंबोराही म वर लावतात तो प वर्ज्य म्हणूनच. तिथे म, कोमल ध, सा ही मायनर आणि कोमल ध, सा, कोमल ग ही मेजर, या दोनच. सा वर थांबायचं असेल तेव्हा नुसते सा आणि म धरा.

आता समजा कॉर्डही बरोबर काढलीत तरी गढूळ लागतेय. मग बघा खाली तंबोरा किंवा तानपुऱ्याचं ॲप चालू आहे का. असेल तर तुम्ही काहीही वाजवा, तळाला सा आहेच. प नी रे एकटी छान लागते पण खाली अखंड सा चालू असताना तिच्यातला नी त्या सा ला घासतो. नी काढून त्याच्या जागी सा घ्या, प सा रे, ज्याला सस फोर म्हणतात ती कॉर्ड, घासणं बंद होतं आणि हालचाल मात्र राहते. किंवा नुसते प आणि रे ठेवा.

गढूळपणाचं दुसरं कारण जागा. पेटीत खर्जाची रीड चालू ठेवून खालच्या सप्तकात सा ग प एकत्र दाबलं की ग आणि सा एकमेकांत कालवले जातात, खालच्या सुरांत जवळजवळची अंतरं कानाला वेगळी पडत नाहीत. खाली फक्त सा आणि प ठेवा, ग वरच्या सप्तकात न्या. तेच तीन सूर आहेत, कॉर्ड तीच आहे. खालचा सूर बदलला तरी कॉर्डचं मूळ बदलत नाही हे फ्रान्समध्ये रामो नावाच्या संगीतकाराने १७२२ मध्ये नीट मांडलं आणि पुढे सगळी हार्मनी त्याच पायावर शिकवली गेली. तेव्हा ग प सा, प सा ग असं उलटंपालटं बिनधास्त करा, दोन कॉर्डमध्ये बोटं जितकी कमी हलतील तितकं गाण्याखाली शांत लागतं.

आणि तिसरं कारण खुद्द पेटीचं. एका सेमीटोनचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. पेटी-कीबोर्डवर ग हा सा पासून ४०० सेंट वर असतो, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार असतो ३८६ च्या आसपास. १४ सेंटचा फरक चांगल्या कानाला लगेच कळतो, थरथरल्यासारखं होतं. पंचमात फरक फक्त २ सेंटचा म्हणून सा-प कधीच टोचत नाही. यावर कुठलीही कॉर्ड बदलून इलाज होणार नाही. गाणारा ग वर लांब थांबला असेल तर तुमच्या कॉर्डमधून ग काढून घ्या, त्याचा गांधार त्याला लावू द्या.

मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी रागदारी चालींखाली जी हार्मनी घातली ती नीट ऐका. जाड तीन-तीन सुरांचे ठोकळे कमी, आणि व्हायोलिनची एक स्वतंत्र ओळ गाण्याच्या भोवतीने जास्त. कॉर्ड तिथे असतेच, पण एक एक सूर करून उलगडलेली. ही माणसं गोव्याच्या चर्चच्या शाळांतल्या सोल्फेजच्या, म्हणजे लिहिलेले सूर नावाने गाण्याच्या, तालमीतून आलेली होती, अंतरं त्यांच्या कानात होती. पेटीवरही हे करता येतं, तिन्ही सूर एकदम दाबण्याऐवजी सा, मग प, मग वरचा ग असे सोडा, खटकणं बरंच कमी होतं.

'सेव्हन'चा घोळ राहिला. सी सेव्हन लिहिलंय म्हणून लोक सा ग प आणि शुद्ध नी वाजवतात. नुसतं सेव्हन म्हणजे मूळ सुरापासून १० सेमीटोन, कोमल नी. शुद्ध नी हवा असेल तर मेजर सेव्हन लिहिलेलं असतं, ते ११. बिलावलमध्ये फक्त प वर ही साधी सेव्हन नैसर्गिक बनते, प नी रे म, म्हणून जी सेव्हन सगळीकडे दिसते. खमाजमध्ये मात्र कोमल नी मुळे सा वरच ती तयार होते, सा ग प कोमल नी, आणि तिथून म मेजरवर जाणं फार गोड लागतं. पण खमाजला दोन नी आहेत, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल, त्यामुळे गाणारा वर जात असताना सेव्हन धरून ठेवलीत तर परत टक्कर. चढताना नुसती सा मेजर, उतरताना कोमल नी मिळवा.

एवढं सगळं बघूनही एखाद्या ओळीला कुठली कॉर्ड द्यायची हे कळत नसेल तर ओळ जिथे थांबते तो सूर पकडा. सात सुरांच्या थाटात कुठलाही सूर तीन कॉर्डमध्ये असतो, एकीत मूळ, एकीत तिसरा, एकीत पाचवा. भैरवीत ओळ प वर थांबली तर सा मायनर, कोमल ग मेजर आणि प डिमिनिश्ड, तीन पर्याय. डिमिनिश्ड बाजूला ठेवा, उरलेल्या दोन्ही सावकाश वाजवून गाणाऱ्यालाच विचारा कुठली बरी वाटते, आणि त्या ओळीपुरती तीच लिहून ठेवा.